चांदीपुरा नागपूरचे, मग वाळूमाशी कोणाची?

मा. संपादक,
महोदय,

जुलै महिना उजाडला की आपल्या दैनिकाच्या नागपूर आवृत्तीत एक छायाचित्र हमखास येते: पांढऱ्या धुराने भरलेली गल्ली, खांद्यावर यंत्र घेतलेला कर्मचारी आणि त्याच्या मागे धावणारी चार-दोन पोरे. सोबतच्या बातमीत डेंग्यूचे किती संशयित आढळले, किती नमुने तपासणीला गेले, किती घरमालकांना नोटिसा बजावल्या याचे आकडे असतात. त्या बातमीवर माझा आक्षेप नाही. परंतु ज्या जिवामुळे हे सारे रामायण घडते, त्या डासाचे, माशीचे किंवा गोचिडाचे आकडे मी गेल्या कित्येक वर्षांत वाचल्याचे आठवत नाही. कोणत्या वस्तीत कोणत्या जातीचे डास किती सापडले, त्यांच्यावर कोणते औषध अजून चालते आणि कोणते चालेनासे झाले, हे नागरिकांना कोणी सांगत नाही. आणि सांगण्यासारखी नोंदच पुष्कळ ठिकाणी होत नसावी, अशी मला रास्त शंका आहे. पशुवैद्यकीय सेवेत तीस वर्षे काढून निवृत्त झालेला मी एक अधिकारी असून, या विषयावर थोडे सविस्तर लिहू इच्छितो. पत्र लांबले आहे, याची जाणीव आहे. आपल्या सोयीने ते छापावे.

सुरुवात घरापासूनच करतो. १९६५ साली नागपुरात डेंग्यू आणि चिकुनगुन्याच्या तापाची मोठी साथ होती. त्या साथीत पुण्याच्या तत्कालीन विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे १९५२ साली सुरू झालेल्या आणि १९७८ पासून राष्ट्रीय विषाणू संस्था म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेने, येथील रुग्णांच्या रक्तातून एक अगदी वेगळाच विषाणू शोधून काढला. तो ना डेंग्यूचा होता, ना चिकुनगुन्याचा. रेबीजचा विषाणू ज्या कुळातला, त्या कुळातला तो निघाला. ज्या चांदीपुऱ्यातले ते रुग्ण होते, त्याचेच नाव त्याला मिळाले. संत्री, टेकडीचा गणपती आणि दीक्षाभूमी यांच्यामुळे नागपूर सर्वांना ठाऊक आहे. विषाणूशास्त्राच्या ग्रंथांत मात्र ते चांदीपुऱ्यामुळे आहे, आणि हे सीताबर्डीवर उभे राहून विचारले तर दहांतील एखाद्यालाही सांगता येईल की नाही, कोण जाणे.

हा विषाणू वाहणारा कीटकही लवकरच हाती लागला होता. १९७० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात तत्कालीन औरंगाबाद भागात पकडलेल्या वाळूमाश्यांमधून, ज्यांना सरकारी पत्रकात सॅण्डफ्लाय म्हणतात, हाच विषाणू मिळाल्याची नोंद आहे. म्हणजे विषाणू आपल्या गावचा, माशी आपल्या राज्यातली, संशोधक पुण्याचे. तेवढ्यावर सारे थांबले. किरकोळ ताप आणणारा, फारसा उपद्रव नसलेला विषाणू असा त्याच्यावर शिक्का बसला आणि पुढची तीस-बत्तीस वर्षे तो जवळजवळ विस्मृतीत गेला. २००३ साली आंध्र प्रदेशात लहान मुलांमध्ये मेंदूज्वराची साथ आली, तेव्हा ३२९ मुले आजारी पडली आणि त्यांपैकी १८३ दगावली. सकाळी खेळत असलेले मूल दुपारी तापाने फणफणते, झटके येतात, बेशुद्ध होते आणि दवाखान्यात पोहोचल्यावर एक-दोन दिवसांत जाते, असा तो आजार होता. आणि त्यामागे होता आपला चांदीपुरा. पुढच्याच वर्षी तो गुजरातेत दिसला, २००७ मध्ये नागपूर विभागात दिसला. २०२४ च्या जूनपासून १५ ऑगस्टपर्यंत भारतात तीव्र मेंदूज्वराचे २४५ रुग्ण नोंदले गेले, त्यांत ८२ मृत्यू झाले आणि ६४ रुग्णांत चांदीपुरा विषाणू निश्चित झाला. त्यांतले बहुतेक रुग्ण गुजरातेतले होते. गेल्या वीस वर्षांतील ही सर्वांत मोठी साथ असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने म्हटले. या आजारावर नेमके औषध नाही आणि लसही नाही. मग उरते काय? ती माशी.

ही माशी ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. डासाच्या जेमतेम एक-तृतीयांश आकाराची, मातकट रंगाची, अंगभर केस असलेली. बसते तेव्हा पंख मिटून घेत नाही. ते इंग्रजी व्ही अक्षरासारखे वर उभारलेले असतात, आणि तिला ओळखायची सगळ्यात सोपी खूण हीच. ती डासासारखी गुणगुणत नाही आणि लांब उडतही नाही; भिंतीला धरून टुणटुण उड्या मारत सरकते. साध्या मच्छरदाणीच्या भोकांतून ती आरपार जाते. अंडी घालते ती गोठ्याच्या ओलसर कोपऱ्यात, मातीच्या भिंतींच्या भेगांत, कुजलेल्या शेणात आणि पालापाचोळ्यात. माझ्या नोकरीच्या काळात रात्री-अपरात्री अडलेल्या गाईसाठी जाणे होई, तेव्हा बॅटरीच्या उजेडात गव्हाणीच्या मागच्या भिंतीवर या माश्या मी शेकड्याने पाहिल्या आहेत. त्या पाहून हात झटकण्यापलीकडे मी कधी काही केले नाही. त्यांतल्या किती चावणाऱ्या जातीच्या होत्या, कोणत्या महिन्यात त्यांची गर्दी असे, पोपडे निघालेल्या भिंतीवर जास्त की सारवलेल्या भिंतीवर, हे लिहून ठेवायला एक पेन्सिल आणि एक वही पुरली असती. बिहारात वाळूमाशीच पसरवते त्या काळ्या आजारासाठी तिच्या मागे वर्षानुवर्षे माणसे लावली गेली, घरोघरी भिंतींवर फवारणी झाली आणि २०२३ मध्ये तो आजार दर दहा हजारांत एकाखाली आणण्याचे उद्दिष्ट देशाने गाठले. कीटकाचा पाठपुरावा केला की काय साधते, याचे उदाहरण आपल्याच देशात आहे.

आता दुसरा आजार. २०१८ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात नागपूर आणि आसपासच्या जिल्ह्यांत स्क्रब टायफसने, म्हणजे उंदरांवर आढळणाऱ्या बारीक किड्यांच्या चाव्यातून येणाऱ्या तापाने, जो हाहाकार माजवला, तो आपल्या वाचकांना आठवत असेल. हिंगणा तालुक्यातील एका पशुपालकाच्या घरी माझे जुने जाणे-येणे आहे. त्यांच्या पत्नीला सहा दिवस ताप होता. शहरातल्या एका रुग्णालयात विडाल तपासणीवरून टायफॉइड ठरवून सलाइन सुरू केले होते. ताप मात्र हटत नव्हता आणि श्वासाला त्रास होऊ लागला होता. मी भेटायला गेलो तेव्हा त्यांच्या सुनेने अगदी सहज, बोलता बोलता सांगितले, "काका, आईंच्या काखेत बिडीचा चटका बसल्यासारखा काळा डाग हाये. आन् आई तं बिडी ओढत नाही." त्याच आठवड्यात वर्तमानपत्रांतून या आजाराविषयी वाचले नसते, तर मीही ते वाक्य कानाआड केले असते. डाग पावलीएवढा होता, मध्ये काळी खपली आणि कडेने लाल. दुखत नव्हता, खाजत नव्हता, म्हणून तो कोणाला सांगावा असे त्या माउलीला वाटलेच नव्हते. तपासणाऱ्यांनीही काख उघडून पाहिली नव्हती. दुसऱ्या दिवशी डॉक्सिसायक्लिन सुरू झाले आणि दोन दिवसांत ताप उतरला. काही रुपयांची गोळी! त्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. पावसाळ्यात त्यांच्यापुढे तापाच्या रुग्णांची रांग असते आणि हा डाग प्रत्येक रुग्णात असतोच असेही नाही. पण शेजारच्याच तालुक्यातल्या उंदरांच्या कानांवर ते किडे त्या महिन्यात वाढले आहेत, एवढी सूचना जर आरोग्य विभागाकडून त्यांच्या टेबलावर आली असती, तर त्यांनी नक्कीच काख पाहिली असती.

उंदरांच्या कानांचा उल्लेख मी उगाच केला नाही. स्क्रब टायफसचा जंतू पसरवणारा माइट हा डोळ्यांना जेमतेम दिसेल न दिसेल असा जीव आहे. त्याचे पिल्लू, ज्याला चिगर म्हणतात, सहा पायांचे असते आणि आयुष्यात एकदाच चावते. मोठे झाल्यावर आठ पायांचा तो माइट मातीत राहतो आणि कोणाला चावत नाही. मग एकदाच चावणाऱ्या पिल्लात जंतू येतो कोठून? तो आईकडून, अंड्यातूनच येतो. म्हणून माणसांवर कितीही उपचार केले तरी पुढच्या वर्षीचा आजार त्याने कमी होत नाही. जंतूचे भांडार रुग्णात नाही, गवताच्या मुळाशी आहे. हे किडे सगळीकडे सारखे पसरलेले नसतात. एका बांधावर असतात, वीस पावलांवरच्या दुसऱ्या बांधावर नसतात. शास्त्रज्ञ त्याला बेटे म्हणतात. ही बेटे शोधायची ठरलेली रीत आहे: सापळा लावून उंदीर, घुशी, चिचुंद्री पकडायची आणि त्यांच्या कानाच्या आत पाहायचे. चिगर असले तर तेथे शेंदराची बारीक पूड चिकटवल्यासारखी दिसते. ती ब्रशने बाटलीत झाडून घ्यायची आणि प्रयोगशाळेत न्यायची. झुडपी जंगल म्हटले की विदर्भातल्या माणसाला सातबारा आणि कोर्टकचेरी आठवते. त्या झुडपांखाली कोणते किडे आहेत, हा प्रश्न मात्र कोणाच्याच अर्जात नसतो.

या आजाराच्या औषधोपचारावर आपल्या देशात उत्तम काम झाले आहे, हे नमूद केले पाहिजे. वेल्लूरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या पुढाकाराने सुमारे ८०० गंभीर रुग्णांवर झालेली चाचणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. डॉक्सिसायक्लिन आणि अझिथ्रोमायसिन ही दोन्ही शिरेतून एकत्र दिल्यास, एकेकटी देण्यापेक्षा गुंतागुंत कमी होते, असे तीत दिसले. गोरखपूरकडच्या मुलांच्या मेंदूज्वरात वर्षानुवर्षे जपानी मेंदूज्वर शोधला जात होता. त्यातला मोठा वाटा स्क्रब टायफसचा असल्याचे गेल्या दशकात उघड झाले. आपल्या अकोल्यातील बालरोगतज्ज्ञांनीही २०११ साली, याच जंतूंच्या भाऊबंदांमुळे होणारा आणि गोचिडांमार्फत येणारा ठिपक्यांचा ताप लवकर ओळखता यावा म्हणून लक्षणांना गुण देण्याची एक पद्धत मांडली होती. रुग्णाच्या खाटेपाशी असे संशोधन आपल्याकडे होते, आणि चांगले होते. बांधावर आणि गोठ्यात ते होत नाही, ही माझी तक्रार आहे.

आणि या तक्रारीत पहिला आरोपी मीच. गोचीड हा पशुवैद्यकाचा रोजचा विषय. खेड्यात गोचीड ताप म्हणतात तो एक आजार नाही. थायलेरिओसिस, बबेसिओसिस, अॅनाप्लाझमोसिस असे तीन-चार आजार त्या एका नावाखाली येतात, आणि संकरित गाईंना ते देशी गाईंपेक्षा जड जातात. मी तीस वर्षे इंजेक्शने दिली, अंगावर लावायची औषधे लिहून दिली. पण ती गोचीड कोणत्या जातीची आहे, हे तपासायला बाटलीत घालून पाठवण्याचे कष्ट फार क्वचित घेतले. याने काय बिघडते, असे कोणी विचारील. पुष्कळ बिघडते. आपल्याकडे गाईच्या पोळीवर आणि कासेवर दिसणारी, रक्त पिऊन एरंडीच्या बीएवढी टम्म फुगणारी जी राखाडी गोचीड असते, ती पिल्लापासून मोठी होईपर्यंत त्याच एका जनावराच्या अंगावर राहते आणि शेवटी खाली पडून दोन-तीन हजार अंडी घालते. तिला जनावराच्या अंगावरच गाठता येते. पायांवर पांढुरके पट्टे असलेली दुसरी जी गोचीड आहे, हायलोमा नावाची, ती मध्येच अंग सोडते, गोठ्याच्या भिंतीच्या भेगेत जाऊन कात टाकते आणि नव्या जनावरावर चढते. तिच्यासाठी गाईला कितीही औषध लावा, भेगा बुजवल्याशिवाय आणि भिंतीचे चिरे जाळून घेतल्याशिवाय उपयोग नाही. ओळख चुकली तर औषध आणि शेतकऱ्याचा पैसा दोन्ही वाया, वर गोचिडांना त्या औषधाची सवय.

हीच पट्टेरी पायांची हायलोमा क्रायमियन-काँगो रक्तस्रावी तापाचा विषाणू वाहते. जानेवारी २०११ मध्ये गुजरातेत हा आजार भारतात प्रथमच सापडला, तेव्हा पहिल्या रुग्ण महिलेपाठोपाठ तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर आणि परिचारिकाही दगावल्या. आमचे पशुपालक गोचीड उपटून दोन नखांत चिरडतात आणि त्याच हाताने तंबाखू मळतात. मीही हे डोळ्यांसमोर होऊ दिले आहे. नागपुरात तो आजार आहे, असे मी म्हणत नाही. हायलोमा मात्र आपल्या गोठ्यांत आहे, आणि ती विषाणू घेऊन आहे की नाही हे माणूस मरण्याआधी गोचीड तपासून कळू शकते.

कीटक आधी सांगतात आणि आपण नंतर ऐकतो, याचे आपल्या राज्यातले उदाहरण बीड जिल्ह्यातले आहे. १९९३ च्या सप्टेंबरअखेर लातूर-उस्मानाबादचा भूकंप झाला. लोकांनी घरे सोडली, धान्य तसेच राहिले, उंदीर वाढले. १९९४ च्या ऑगस्टात मामला गावात आधी घरात मेलेले उंदीर सापडू लागले, मग पिसवांनी लोक हैराण झाले आणि त्यानंतर काखेत, जांघेत गाठी आलेले प्लेगचे रुग्ण दिसू लागले. त्या क्रमाला महत्त्व आहे. मेलेले उंदीर आणि पिसवांची तक्रार हीच खरी पहिली बातमी होती. तेथे आणखी एक जुना धडा लागू पडतो: आधी पिसवा माराव्यात आणि मग उंदीर, उलटे केले तर उपाशी पिसवा माणसाकडे वळतात. कर्नाटकात १९५७ साली क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली आणि पाठोपाठ लाकूडतोड्यांना ताप आला. गोचिडांमार्फत येणारा तोच माकडताप २०१६ पासून आपल्या सिंधुदुर्गात, दोडामार्ग भागात आहे. आज तेथे माकड मेलेले दिसले की वन विभागाला कळवायचे, हे गावकऱ्यांना माहीत झाले आहे. नागपूर जिल्ह्यात असे काय दिसले म्हणजे कोणाला कळवायचे, हे मला तीस वर्षे शासकीय नोकरी करूनही सांगता येणार नाही.

डेंग्यूकडे वळतो, कारण तो वाचकांच्या घरातला विषय आहे, आणि नागपूरकरांच्या घरात कूलर आहे. मार्चमध्ये आपण कूलर काढतो, नव्या ताट्या लावतो, जूनअखेर पाऊस आला की बंद करतो आणि खिडकीबाहेर तसाच लटकत ठेवतो. त्याच्या टाकीत तळाशी चार बोटे पाणी राहते, किंवा पहिल्या सरींनी साठते. यंदा माझ्या घरचा कूलर मी स्वतः उघडला. टाकीत पाणी नव्हते, कोरडी खडखडीत होती. पण जेथपर्यंत पाण्याची रेघ उमटली होती तिच्या जरा वर, पत्र्यावर, शाईच्या टिंबांसारखे बारीक काळे ठिपके ओळीने चिकटले होते. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची अंडी अशी पाण्याच्या काठावर असतात आणि कोरड्यात कित्येक महिने तग धरतात. पाणी पुन्हा तेथपर्यंत चढले की फुटतात. म्हणजे टाकी ओतून रिकामी केल्याने काम संपत नाही. काथ्याने किंवा तारेच्या घासणीने भिंती खरवडून काढाव्या लागतात. 'कोरडा दिवस पाळा' या सूचनेत ही घासणी राहून जाते, एवढे मी आरोग्य विभागाच्या निदर्शनास आणतो.

धूरफवारणीबद्दल मात्र स्पष्ट लिहायला हवे. धुराने त्या वेळी उडत असलेले मोठे डास मरतात. अळ्यांना आणि अंड्यांना त्याचे काही होत नाही. एडिस दिवसा चावतो आणि एरवी घरात, पलंगाखाली, खुंटीवरच्या कपड्यांमागे बसून असतो. गल्लीतून संध्याकाळी धूर जातो तेव्हा आपण दारे-खिडक्या लावून घेतो, म्हणजे त्यालाही आसरा देतो. रुग्ण सापडलेल्या घराभोवती, घरात शिरून, तातडीने केलेल्या फवारणीला अर्थ आहे. नगरसेवकांच्या मागणीवरून रस्त्यारस्त्याने काढलेल्या धुराच्या मिरवणुकीला तो नाही.

शिवाय ते औषध तरी चालते का? हे तपासण्याची जागतिक आरोग्य संघटनेची सरळ पद्धत आहे. पकडलेले डास औषध लावलेल्या कागदाच्या नळीत एक तास ठेवायचे, मग साध्या नळीत घालून चोवीस तासांनी मेलेले मोजायचे. शंभरांत अठ्ठ्याण्णव किंवा जास्त मेले तर औषध लागू आहे. नव्वदहून कमी मेले तर डासांना त्याची सवय झाली आहे. यासाठी परदेशी यंत्र लागत नाही. नळ्या, कागद, डास पकडणारा माणूस आणि एक शांत खोली पुरते. आपल्या भागात कपाशीवर, जनावरांवर आणि डासांवर बऱ्याचदा एकाच गटातली औषधे मारली जातात, त्यामुळे सवय लागण्याला शेतातल्या फवारणीचाही हातभार लागतो असे कीटकशास्त्रज्ञ मानतात. असे असताना नागपूरच्या एडिसवर कोणते औषध किती चालते, याचा ताजा आकडा पालिकेच्या फलकावर का असू नये? इंडोनेशियातील योग्यकर्ता शहरात वोल्बाकिया हा जिवाणू असलेले डास सोडून डेंग्यू ७७ टक्क्यांनी कमी झाल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले आणि आपल्या पुदुच्चेरीच्या संशोधन केंद्रानेही तसे डास तयार केले आहेत. ते उद्या नागपुरात आणायचे म्हटले, तरी पहिला प्रश्न हाच येईल की येथे आज किती एडिस आहेत, आणि त्याचे उत्तर वहीत हवे.

हे आपल्याला जमत नाही, असेही नाही. हत्तीरोगावर तीन औषधे एकत्र देण्याची मोहीम देशात ज्या मोजक्या जिल्ह्यांत प्रथम झाली, त्यांत नागपूर होते. २०१९ च्या जानेवारीत ती येथे सुरू झाली. त्याआधी रात्री दहानंतर घरोघरी जाऊन, झोपलेल्यांना उठवून रक्ताचे थेंब घेणारे कर्मचारी मी पाहिले आहेत, कारण त्या रोगाचे सूक्ष्म जंतू रात्रीच रक्तात वर येतात. लोकांच्या शिव्या खाऊन ते काम त्यांनी केले. त्याच हिवताप विभागात कीटक समाहारक नावाचे एक पद असते. हातात बॅटरी, तोंडात रबरी नळी, तिच्या पुढे काचेची नळी. पहाटे गोठ्यात आणि माजघरात भिंतीवरचा डास अलगद ओढून घ्यायचा, जात ओळखायची, पोट फाडून पाहायचे. गडचिरोलीच्या ओढ्याकाठी हिवताप पसरवणारा डास आणि भंडारा-गोंदियाच्या धानाच्या बांधीतला जपानी मेंदूज्वराचा डास हे वेगळे आहेत, त्यांच्या सवयी वेगळ्या आहेत, हे आपल्याला अशाच माणसांमुळे कळले. ही पदे नागपूर विभागात किती मंजूर आहेत, किती भरलेली आहेत आणि भरलेल्यांपैकी किती जण खरोखर डास पकडतात व किती जण कार्यालयात अर्ज टंकित करतात, हे प्रशासनाने जाहीर करावे, अशी माझी पहिली मागणी आहे.

दुसरी मागणी वन हेल्थ, म्हणजे 'एकच आरोग्य', या नावाच्या संस्थेबाबत. ११ डिसेंबर २०२२ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते नागपुरात राष्ट्रीय वन हेल्थ संस्थेची पायाभरणी झाली. खर्च ११० कोटींहून अधिक सांगितला गेला. माणूस, जनावर आणि परिसर यांच्या आरोग्याचा एकत्र अभ्यास हे तिचे काम. सेमिनरी हिल्सवर पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, मेडिकल आणि मेयो ही शासकीय रुग्णालये आहेत, मिहानमध्ये एम्स आहे, विद्यापीठात प्राणिशास्त्र विभाग आहे. ही सगळी ठिकाणे एका दिवसात दुचाकीवरून पाहून होतील. तरीही मेयोत आलेल्या स्क्रब टायफसच्या रुग्णाच्या गावचे चिगर वा उंदीर पशुवैद्यकीय महाविद्यालयात पोहोचण्याचा ठरलेला रस्ता माझ्या नोकरीच्या काळात तरी नव्हता. इमारती आणि यंत्रे आपल्या जागी राहोत. जिल्ह्याच्या प्रत्येक तालुक्यात दोन गावे ठरवून, साथ असो वा नसो, दर महिन्याच्या ठरावीक आठवड्यात तेथील वाळूमाश्या, डास, गोचीड आणि उंदरांवरचे चिगर गोळा करणे, जात ओळखणे, त्यांतल्या काहींची विषाणू-जंतूंसाठी तपासणी करणे आणि ते आकडे हवामानाच्या अंदाजासारखे वर्तमानपत्रांना देणे, एवढे काम त्या संस्थेने पहिल्या वर्षीपासून हाती घ्यावे. उन्हाळ्यातले आणि हिवाळ्यातले आकडे नसतील तर पावसाळ्यातला आकडा जास्त की कमी, हे ठरवणार कशावरून? आपल्यालाही विनंती आहे की असे आकडे मिळू लागल्यास धुराच्या छायाचित्राशेजारी त्यांना एक चौकट द्यावी.

हे सारे दुसऱ्यांना सांगत असताना स्वतःचे थोडे सांगतो. हिंगण्याच्या त्या प्रसंगानंतर, २०१८ च्या हिवाळ्यापासून, मी उशिरा का होईना वही घातली. निवृत्तीनंतरही ओळखीच्या गोठ्यांत गेलो की गोचीड चिमट्याने काढून स्पिरिटच्या बाटलीत ठेवतो आणि गाव, तारीख, जनावर, अंगावरची जागा लिहून ठेवतो. अशा तीन वह्या आणि दीडशेच्या वर बाटल्या घरातल्या लोखंडी कपाटात आहेत. जात ओळखण्यात माझ्या पुष्कळ चुका झाल्या असतील. सूक्ष्मदर्शकाखाली पाहणाऱ्या जाणकाराने त्या सुधाराव्यात. वर उल्लेखलेल्या संस्थांपैकी कोणालाही हे हवे असेल तर मी सर्व विनामूल्य देण्यास तयार आहे. काही बाटल्यांतले स्पिरिट उडत चालले आहे आणि जुन्या चिठ्ठ्यांवरची शाई पुसट होऊ लागली आहे, तेव्हा नेणाऱ्यांनी हा पावसाळा संपायच्या आत न्यावे, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त पशुधन विकास अधिकारी,
नागपूर